डब्यात बंद वाफेची नळी

मित्रांनो, माझा आवाज जरा दबका वाटेल. चहाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात मी पडून आहे. झाकण घट्ट आहे आणि डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे. मी एक जुनी ई-सिगारेट आहे.

माझी घडण साधी. पोटात बॅटरी. तिच्यावर काचेची इवलीशी टाकी, टाकीत सफरचंदाच्या वासाचा गोडसर द्रव. मधोमध तारेचं वेटोळं, त्याला कॉइल म्हणतात, आणि वेटोळ्यात कापूस. कापूस द्रव पितो, बॅटरी तार तापवते, तापल्या तारेवर द्रवाचा ढग होतो आणि वरच्या तोटीतून तो माणसाच्या छातीत उतरतो. लोक म्हणतात, नुसती वाफ. नुसती वाफ चहाच्या किटलीची असते, मित्रांनो. माझ्या ढगात निकोटिन असतं, आणि निकोटिन म्हणजे पुन्हा पुन्हा बोलावणारी हाक.

मला इर्बिद शहराच्या बाजारातून अबू झियाब यांनी आणलं. अजलूनच्या टेकड्यांत त्यांच्यासारखा मिजविज वाजवणारा दुसरा नाही. मिजविज म्हणजे मेणाने जोडलेल्या वेताच्या दोन जुळ्या नळ्या. गालात वारा साठवायचा, नाकाने श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. त्या सुरावर माणसं हातात हात घालून दबका नावाचा नाच करतात. सूर तुटला की पाय चुकतात.

त्यांची नात मैसून हिचं लग्न ठरलं होतं. ती आजोबांना म्हणाली होती, "जिद्दो, माझ्या लग्नात दुसरा वाजवणारा आला, तर मी खुर्चीवरून उठणार नाही. सिगारेट सोडा आणि दम राखा."

म्हणून ते मला घ्यायला आले. दुकानदाराने विचारलं, "द्रव किती नंबरचा देऊ, हाजी?"

फळीवर तीन होता, सहा होता, पन्नासही होता. अबू झियाब यांनी मनात हिशेब केला. शंभरातले पन्नास, म्हणजे अर्धं. आधी अर्धं, मग पाव, मग काही नाही. ते म्हणाले, "पन्नास दे. एकदम सोडायला मी काही संत नाही." दुकानदाराचं लक्ष फोनमध्ये होतं. त्याने बाटली पिशवीत टाकली.

सुरुवातीला माझं कौतुकच झालं. त्यांच्या पत्नी उम्म झियाब कोट झटकत म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी या कोटाला माणसाचा वास येतोय." शेजारी चिडवायचे, "अबू झियाब, डोक्यावर सफरचंदाचं झाड उगवलंय का?" ते हसायचे आणि आणखी एक झुरका घ्यायचे.

सिगारेट जळून संपते, मित्रांनो. मी संपत नाही. त्यांना थांबावं कुठे तेच कळेना. जैतुनाच्या झाडाखाली मी, नमाजाच्या वजूआधी मी, जेवता जेवता उठून गच्चीवर मी. कोटाच्या एकाच खिशात आम्ही दोघी राहायचो, एक नळी वेताची, एक नळी धातूची. एक मागायची श्वास, एक द्यायची भास. खिशात ती मला चिकटून असायची, आणि दर आठवड्याला ती थोडी अधिक वेळ गप्प असायची.

पुतण्याच्या लग्नात सूर मधेच तुटला. दबक्याची रांग अडखळली. रांगेच्या टोकाचा नाचणारा ओरडला, "काका, मिजविज झोपला की तुम्ही?" सगळे हसले. अबू झियाबही हसले. पण मिजविज खिशात ठेवायला गेलेला त्यांचा हात वेत सोडून माझ्यावर येऊन थांबला.

मैसूनने ते पाहिलं. ती नर्सिंग शिकते. दुसऱ्या दिवशी तिने बाटली उजेडात धरली.

"जिद्दो, हे अर्धं नाही. एका मिलिलिटरमध्ये पन्नास मिलिग्रॅम निकोटिन, असा याचा अर्थ. तीन म्हणजे हलकं. हे सगळ्यात कडक आहे."

त्यांनी बाटली तिच्या हातातून घेतली. मग म्हणाले, "म्हणजे मी पायऱ्या उतरत नव्हतो, पोरी. चढत होतो."

"दवाखान्यात चला. सोडायला मदत करतात."

"आणि लग्न तीन आठवड्यांवर आहे."

"म्हणूनच तर."

त्या दिवशी त्यांनीच मला डब्यात ठेवलं. उम्म झियाब म्हणाल्या, "कुलूप लावू?" ते म्हणाले, "कुलूप नको. कुलूप लावलं तर मी नाही, तू सोडलंस असं होईल."

ते दिवस मी पत्र्याआडून ऐकले. ते चिडायचे, येरझाऱ्या घालायचे, चहा गोड नाही म्हणून भांडायचे. दोनदा पावलं फडताळापाशी आली. मला वाटायचं, आता उघडेल. अंधारात पडून असलेल्या वस्तूला दुसरं काय हवं असतं?

लग्नाच्या दिवशी दुपारी, मन्सफची ताटं उचलल्यावर, अंगणात सूर लागला. लांब, किंचित थरथरता. पाय आपटू लागले, फडताळ हादरलं, डबा खुळखुळला. मग सूर तुटला. मी श्वास रोखला, मला श्वास नसूनही. पण पाय थांबले नाहीत. आधी मैसूनच्या पैंजणांनी ताल धरला, मग सगळ्यांच्या टाचांनी. सूर परत आला आणि शेवटपर्यंत चालला.

संध्याकाळी पावलं तिसऱ्यांदा आली. हात झाकणावर टेकला. बोटांना मेणाचा वास होता, वेताचा वास होता. आयुष्यभर ज्या ओठांची मी वाट पाहिली ते ओठ वीतभर दूर होते. आणि मित्रांनो, पहिल्यांदाच मला वाटलं, नको, उघडू नका.

तळहाताने झाकण आणखी खाली दाबलं. पावलं गेली.

जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथे मैसून मला लवकरच देणार आहे. कचऱ्यात टाकलं तर मी पेट घेऊ शकते, हे तिला ठाऊक आहे. तोवर मी इथेच आहे. इतर वस्तू म्हणतात, आम्हाला पुसा, जपा, वापरा. माझी विनंती उलटी आहे. माझ्यासारखी कोणी तुमच्यासमोर गोड वासाने हसली, तर तिचं झाकण उघडू नका. छातीतला वारा जपा. त्याच्यावर कोणाचे तरी पाय नाचायचे आहेत.