पंगतीतली चौथी खुर्ची

वडिलांची चित्रं सांभाळता सांभाळता ड्राहोमिराच्या हाडांची काडं झाली होती. चित्रकार बोहुमिर व्लासाक यांचं नाव घेत प्रागहून कुणीही उठून यायचं, हिने कॉफी करायची, भिंतींची ओल दाखवत माफी मागायची, आणि निघताना पाहुण्याने हमखास विचारायचं, "यात तुम्ही कुठे आहात?"

कुठेच नव्हती. बोहुमिर दर वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळचं घरचं जेवण रंगवत: तळलेला कार्प मासा, बटाट्याचं सॅलड, आई, भाऊ लुबोश, टोकाला स्वतः. चौथी खुर्ची रिकामी. त्या जेवणात सगळ्यांचं उरकेपर्यंत कुणी उठायचं नसतं. मधेच उठलेला माणूस पुढच्या नाताळला पंगतीत नसतो, म्हणतात. लहानपणी ती एकदा उठली होती, मांजराला मासा द्यायला. "या पोरीचं बूड स्थिर नाही," असं म्हणून वडिलांनी तिला चित्रांतून जे वगळलं ते कायमचं. पुढे आई गेली, लुबोश गेला, वडीलही गेले. उठलेली तीच तेवढी मागे राहिली, आणि आपल्याच रिकाम्या खुर्चीवरची धूळ पुसत बसली. याचा तिला मनस्वी संताप येई. एकदा, एका तरी चित्रात बसवलं असतं तर काय बिघडलं असतं?

वडिलांच्या जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी त्यांचं शेवटचं चित्र साफ करायला दिलं होतं. ते काम करणाऱ्या रादिमने तिला बोलावून घेतलं.

"बाई, उगाच कुरकुरत होतात हो इतकी वर्षं," तो हसत म्हणाला. "वरचं काळवंडलेलं व्हार्निश काढलं, तर खाली तुम्हीच."

चौथ्या खुर्चीवर खरोखरच ती होती. तिला रडूच फुटलं. जवळचं स्टूल ओढून ती चित्रासमोर बसली आणि डोळे पुसून नीट पाहू लागली. चित्रातल्या बाईचे केस पांढरे होते. अंगात राखाडी स्वेटर होता, ड्राहोमिराने गेल्याच आठवड्यात विणून पुरा केलेला, आत्ता तिच्या अंगात असलेला.

"हे तुम्ही रंगवलंत?" तिने हलकेच विचारलं.

"मी? मी नुसता कापूस फिरवला, बाई. चला, कॉफी निवतेय."

"आलेच," ती म्हणाली. पण पाय हलेनात. चित्रात आईच्या हातात काटा होता, लुबोशच्या ताटात अर्धा मासा होता, आणि वडील तिच्याकडेच बघत होते. अजून कुणाचंच जेवण उरकलं नव्हतं.