डीएनएवरचा लाकडी पहारेकरी

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेन एवढा मी एक जुना लाकडी चिमटा. कपडे वाळत घालायचा नव्हे हं. शाळेच्या प्रयोगशाळेत मी जिवाणूतल्या एका प्रथिनाचे काम करत असे.

मला घडवले विज्ञानाच्या बाईंच्या यजमानांनी. ते सुतार. त्यांच्या रंध्यापाशी उभे राहून बाईंनी समजावले, "जिवाणूच्या डीएनएवर एक प्रथिन पकड घेऊन बसतं. ते बसलंय तोवर पुढची जनुकं वाचली जात नाहीत आणि दुधातली साखर पचवायची तयारी होत नाही. साखरच नसेल तर उगीच खटाटोप कशाला?"

"आणि साखर आली की?"

"ती या पहारेकऱ्याला चिकटते. त्याचा आकार बदलतो, पकड सुटते."

"म्हणजे माझ्यासारखाच. गोड बोललं की विरघळतो."

"तुम्ही आधी ऐका तरी," बाई हसू दाबत म्हणाल्या.

यजमानांनी डीएनएची पिळदार शिडी केली आणि मग मला. माझ्या पोटात खोबण, आत बारीक स्प्रिंग. साखर म्हणून काचेची गोटी खोबणीत दाबली, की माझे दोन्ही हात उघडत आणि मी शिडीवरून अलगद सुटत असे. जनुक वाचणारे लाकडी रीळ माझ्यापाशी अडलेले असे, ते गडगडत पुढे जाई. मुले पुन्हा पुन्हा मला बसवत, पुन्हा सोडवत. मला कधी कंटाळा आला नाही.

मग सुतार आजारी पडले आणि गेले. बाई शाळेत परतल्या तेव्हा त्यांनी मला हातात घेतले आणि कितीतरी वेळ अंगठ्याने माझी खोबण चाचपली. "काका, हा नीट जपा," त्या शिपाईकाकांना म्हणाल्या. "आता दुसरा करून देणारं कुणी नाही."

काकांनी ते फार मनावर घेतले. सुट्टीत कपाटे हलवायची होती. त्या धांदलीत मी हरवेन या धास्तीने त्यांनी मला शिडीला भक्कम गोंदाने चिकटवून टाकले.

पुढे तो धडा आला. एका मुलीने गोटी दाबली. मी जिवाच्या आकांताने हात उघडू पाहिले.

"बाई, हा सोडतच नाहीये."

"आण इकडे. त्याला माझी सवय आहे."

बाईंनी दाबले आणि त्यांच्याच बोटांत माझा हात कडकन मोडला.

काका दारातच उभे होते. "मीच चिकटवला, बाई. हरवेल म्हणून."

"मीच म्हणाले होते ना, जपा म्हणून," बाई हळूच म्हणाल्या. मग वर्गाकडे वळल्या. "असे जिवाणू खरोखर असतात. त्यांच्या पहारेकऱ्यात बिघाड असतो. साखर आली तरी तो सोडत नाही."

"मग ते काय खातात?" मुलीने विचारले.

"दुसरं काही मिळालं तर ते. नाहीतर साखरेत बसून उपाशी."

त्यांनी धडा पूर्ण शिकवला. मुले गेल्यावर माझा मोडका हात रुमालात गुंडाळून घरी नेला. काकांनी दुसऱ्या सुताराचे नाव सुचवले. बाई "नको" म्हणाल्या.

मित्रांनो, कुणाची वस्तू जपायला घ्याल, तेव्हा ती चालते कशी, एवढे आधी विचारा. काकांनी विचारले असते, तर बाईंच्या यजमानांच्या हातचे काम आज तुमच्याही हातात उघडले आणि मिटले असते.