घरघर थांबली तेव्हा

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, मित्रांनो, आणि माझ्या छातीवर बांधलेला हा पंखा माझा स्वतःचा नाही. तो माझ्या मानाने फार मोठा आहे, रंगानेही वेगळा आहे आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जखडलेला आहे. धाकट्याने थोरल्याचा कोट घालावा तसा मी दिसतो. खुशाल हसा. पण तो माझ्याकडे कसा आला, तेही ऐका.

संगणकाच्या पेटीत बसून मी चित्रं तयार करतो. पडद्यावर पान हललं, पाणी वाहिलं, की त्यामागे माझी धावपळ असते. धावपळ केली की अंग तापतं, म्हणून कारखान्यातच माझ्या छातीवर एक छोटा पंखा बसवलेला होता. दुकानाच्या काचेत मी बसलो होतो तेव्हा माझा काय रुबाब होता! आज माझ्या जातीची कार्डं कुणी बनवतही नाही. चालायचंच.

मी ज्या घरात आलो, तिथे तीन माणसं होती. आई शिवणकाम करायची. तिच्या मशीनशेजारीच माझी पेटी होती. ताई, म्हणजे तिची मुलगी, हलती चित्रं बनवायची. आणि आईचे धाकटे दीर, ज्यांना ताई काका म्हणायची, ते ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. त्यांना स्वतःलाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरात सगळे त्यांच्याशी हातांच्या खुणांनी बोलत. आईचे हात कामात अडकले असले, तर ती त्यांच्याशी भुवयांनी भांडायची.

सुरुवातीची वर्षं माझी फार कौतुकात गेली. एखादं चित्र झरझर तयार झालं, की ताई पेटीवर थोपटून म्हणायची, "शाब्बास रे पठ्ठ्या!" पण शिवणाच्या कापडाचा बारीक कापूस घरभर उडायचा आणि माझ्या पात्यांवर येऊन बसायचा. कुणी तो कधी झाडला नाही. हळूहळू माझ्या पंख्याला घरघर लागली.

"अगं, तुझ्या त्या डब्याला जरा गप्प कर," आई म्हणायची. "माझ्या मशीनपेक्षा त्याचीच कटकट जास्त!"

मग ताई पेटीला दोन धपाटे घालायची. तक्रार नव्हती ती फक्त काकांची. ते चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी बसत आणि पेटीवर तळवा ठेवत. पेटी उबदार असायची आणि पंख्याने बारीक थरथरायची. माझं बोलणं या घरात त्यांना एकट्यालाच कळतं, असं मला वाटायचं. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

त्या वर्षी काकांच्या शाळेत अगदी लहान मुलं पहिल्यांदाच येणार होती. त्यांना ना ऐकू येत होतं, ना खुणा ठाऊक होत्या. काही हवं असलं तर ती नुसती रडत. त्यांच्यासाठी ताई एक गोष्ट बनवत होती. त्यात एक माकडीण आपल्या पिल्लाला बोटांच्या खुणा शिकवते. बोटन् बोट स्पष्ट दिसायला हवं होतं, नाहीतर मुलं शिकणार काय? सोमवारी मुलं येणार होती.

आणि ऐन वेळी माझी घरघर थांबली.

"बाई, किती शांत वाटतंय!" आई म्हणाली. ताईही खूश झाली. इकडे माझा पंखा अडकून पडला होता आणि मी आतल्या आत भाजत होतो. माकडिणीची बोटं एकमेकांना चिकटू लागली. 'पाणी' या खुणेच्या जागी नुसती मूठ दिसू लागली. ताईला वाटलं, आपलंच काही चुकलंय. तिने चित्रं पुन्हा काढली, प्रोग्रॅम पुसून नव्याने टाकला. शेवटी पडदा काळा झाला.

"संपलं हे कार्ड," ती रडवेली होऊन म्हणाली. "या पेटीत बसेल असं दुसरं मिळतही नाही. त्या मुलांना मी काय दाखवू, आई?"

तेवढ्यात काका चहा घेऊन आले. त्यांनी सवयीने पेटीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पुन्हा ठेवला. मग ताईच्या खांद्यावर टिचकी मारून त्यांनी एक बोट हवेत गोल फिरवलं, थांबवलं आणि मान हलवली.

"काका म्हणतायत, आत काही फिरतच नाहीये," ताई म्हणाली.

आईचं मशीन थांबलं. "म्हणजे तो आवाज बरा झाला म्हणून नाही थांबला?"

"बंद पडला म्हणून थांबला गं. आणि आपण आनंद करत बसलो."

ताईने पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं. ब्रशने कापूस झाडला. आईने लगबगीने आपल्या मशीनचं तेल आणलं. एक थेंब पुरला असता, पण प्रेम आणि तेल या दोन्ही बाबतींत आईचा हात सढळ. पंखा दुपारभर फिरला आणि तेल-कापसाच्या चिखलात पुन्हा रुतला. आईचा चेहरा एवढासा झाला.

मग ताईने माळ्यावरच्या बंद पडलेल्या संगणकाचा मोठा पंखा काढला. माझ्या अंगावरचा वाळलेला लेप पुसून, उष्णता बाहेर नेणारा नवा लेप लावला, आणि तो पंखा पट्ट्यांनी माझ्यावर बांधला. पंखा फिरला, पण माझा ताप काही नीट उतरेना. काकांनी आईच्या रिळाचा दोरा तोडून पंख्यासमोर धरला. दोरा बाहेरच्या बाजूला उडाला. वारा माझ्याकडे येतच नव्हता!

"उलटा बांधलाय की गं!" आईने कपाळावर हात मारला. तिघंही पोट धरून हसली. पंखा सुलटा झाला, दोरा माझ्याकडे झुकला, आणि गार वारा अंगभर फिरला. मित्रांनो, त्या क्षणी मला रडता आलं असतं, तर मी रडलो असतो.

माकडिणीची बोटं पुन्हा सुटी सुटी दिसू लागली आणि ताईची गोष्ट वेळेत पुरी झाली. सोमवारी ताई मला पेटीसकट शाळेत घेऊन गेली. एक चिमुरडी दाराला घट्ट धरून रडत होती. हळूहळू तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. माकडिणीने खूण केली, पिल्लाने केली. चिमुरडीने डोळे पुसले, आपली बोटं उचलली आणि काकांकडे बघून तश्शीच खूण केली. पाणी.

काका धावतच गेले आणि पेला भरून घेऊन आले.

आजही ते रोज चहाच्या वेळी पेटीवर तळवा ठेवतात. नवा पंखा आवाज करत नाही, पण थरथरतो. मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी, वस्तू असो की माणूस, फार कुरकुर करत असेल तर रागावू नका. आणि ते अचानक गप्प झालं, तर बरं झालं म्हणू नका. जवळ जा आणि हात ठेवून बघा.