रिपोर्टासाठी सत्यनारायण

तीन महिने मी डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून पाण्यात कालवलेल्या पावडरीच्या घोळावर जगत होते. दिवसाला जेमतेम आठशे कॅलरी! आमच्या दूधविनायकच्या गल्लीत सकाळी कचौडी तळायला घेतली, की मी धाडकन खिडकी लावून घ्यायची. वजन चौदा किलो उतरलं. पण रक्तातली चरबीही उतरली तरच गुडघ्यांचं ऑपरेशन, असं बाईंनी बजावलेलं. गुडघ्यांपायी चार वर्षं मी बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरले नव्हते, गंगेत पाय बुडवला नव्हता.

आणि रिपोर्ट आला तो हा! ट्रायग्लिसराइड, म्हणजे तीच मेली चरबी, पहिल्यापेक्षा चढलेलं आणि चांगलं कोलेस्टेरॉल तेवढं घटलेलं.

“वजन उतरताना चांगलंही घटतं, वजन स्थिरावलं की परत चढतं,” डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या. “पण ट्रायग्लिसराइड तर आधी उतरायला हवं. खरं सांगा, काय खाता?”

“काही नाही हो! ह्यांना विचारा.”

आमचे हे, ढुंढिराज, पुजारी माणूस, मान खाली घालून बसलेले. मला तर रडूच कोसळलं. एवढं उपाशी राहूनही माझं मेलं रक्तच नाठाळ!

“रक्त दिलंत त्या सकाळी काय खाल्लंत?”

“उपाशीच होते. रिपोर्ट चांगला यावा म्हणून ह्यांनी पहाटे सत्यनारायण घातला. त्याचा प्रसाद तेवढा...”

“प्रसाद में क्या था?”

“शिरा. साजूक तुपातला. दोन द्रोण.”

लॅबवाल्यानं ‘कुछ खाया?’ विचारलं, तेव्हा मी बेधडक नाही म्हणाले होते. प्रसादाला कोण खाणं म्हणतं?

डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार झाल्या. त्या तुपा-साखरेनंच आकडा चढला म्हणाल्या आणि पुन्हा, अगदी उपाशीपोटी, रक्त द्यायला सांगितलं.

दुसऱ्यांदा रक्त द्यायच्या सकाळी हे पूजा आटोपून आले ते तळहातावर तुळशीचं एक पान घेऊन. “एवढं तरी चालेल ना गं?”

“काही नको!” मी खेकसले. बिचाऱ्यांनी पान कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. ट्रायग्लिसराइड निम्म्यावर, ऑपरेशन पुढच्या महिन्यात! हुश्श! छातीवरचा धोंडाच उतरला. ओट्याला टेकून मी हसले आणि रडलेही.

ह्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. सकाळचं पान सुकून गेलं होतं.

“आता?” त्यांनी हळूच विचारलं.

“द्या,” मी म्हटलं. “आणि ऐका, घाट उतरेन त्या दिवशी शिरा करू. तूप अजिबात कमी करायचं नाही.”