अठरा किलोचं बाळ

ऑफिसात तिला सगळे काटे म्हणत. हे तिचं आडनाव नव्हे. ती कामात इतकी काटेकोर की कुणीतरी तिला आधी ‘काटेकोर’ म्हणायला लागलं, मग त्यातला ‘कोर’ गळून पडला आणि काटे तेवढे उरले. नवा माणूस आला की महिनाभर ‘काटे मॅडम’ अशीच हाक मारायचा आणि तीही बिनदिक्कत ओ द्यायची.

हे नाव ठेवणारे होते मास्तर. तिचे वरिष्ठ, शिकवण्याची हौस दांडगी, म्हणून ते मास्तर. सहा वर्षांपूर्वी ती जावास्क्रिप्ट या भाषेत सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम पहिल्यांदा लिहायला लागली, तेव्हा त्यांनीच शेजारी खुर्ची ओढून तिला एकेक ओळ समजावली होती. त्यांची बायको हिची वहिनी झाली होती. रविवारी जेवायला ये म्हणून वहिनीचा फोन यायचा आणि ही जायची.

गेलं वर्षभर ती लहान मुलांच्या एका हॉस्पिटलचं काम करत होती. वॉर्डातून बाळाचं वजन येतं, त्यावरून सर्व्हर औषधाचा डोस काढतो आणि लेबल छापून येतं. वजन चुकलं तर डोस चुकणार, म्हणून तिने दारातच पहारा बसवला होता. त्याला स्कीमा म्हणतात, म्हणजे येणारी माहिती कशी असायला हवी याचे लिहून ठेवलेले नियम. वजन हा आकडाच हवा, मजकूर नको. शून्याच्या वर हवा. बाळ महिन्याच्या आतलं असेल तर सात किलोच्या वर नको. नियमात न बसणारी नोंद सर्व्हर परत पाठवायचा आणि नर्सच्या पडद्यावर लाल अक्षरात कारण उमटायचं. हे नियम चुकून कुणी ढिले करू नयेत म्हणून तिने अकरा चाचण्या लिहिल्या होत्या. नियम मोडला की चाचणी बोंब मारणार आणि नवा बदल सर्व्हरवर चढणारच नाही.

मग नवजात बाळांच्या वॉर्डात नवे वजनकाटे आले. ते वजन पाठवायचे, पण आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून. दिसायला एक पूर्णांक आठ, पण सर्व्हरच्या लेखी ती नुसती अक्षरं. नोंदी धडाधड परत जाऊ लागल्या. नर्स वैतागल्या, हॉस्पिटलचे फोन कंपनीच्या साहेबांना, साहेबांचे मास्तरांना. “काट्यांचं आणि काटेंचं जमेना बघ,” मास्तर हसून म्हणाले.

त्याच आठवड्यात तिच्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं.

“मी आले की आधी मजकुराचा आकडा करून घेते आणि मग तपासते,” ती म्हणाली. “दीड दिवसाचं काम आहे. तोवर त्यांना हातानेच भरू दे.”

“तू बाबांकडे बघ. इथे मी आहे ना.”

“काही अडलंच तर माझ्या मशीनवर बघा. पासवर्ड तुम्हाला माहीत आहेच.”

चार दिवसांनी, सोमवारी, ती परतली. लाल अक्षरांच्या तक्रारी थांबल्या होत्या. तिला वाटलं, नर्स हाताने भरतायत.

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. वजनकाट्याची वायर निघाली होती, म्हणून एका नर्सने वजन हाताने भरलं, आणि घाईत टिंब राहून गेलं. एक पूर्णांक आठ किलोचं, नऊ दिवसांचं बाळ सर्व्हरवर अठरा किलोचं झालं. सर्व्हरने हूं की चूं केलं नाही. दहापट डोसाचं लेबल निघालं. दुसऱ्या नर्सने सिरिंज भरताना मधेच हात थांबवला. “एवढं? एवढ्याशा जिवाला?” तिने औषध ओतून दिलं आणि डॉक्टरांना बोलावलं. बाळ वाचलं ते त्या बाईच्या डोळ्यांमुळे.

साहेबांनी दोघांना खोलीत बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. स्कीमात वजनापुढचे सगळे नियम पुसून एकच ओळ उरली होती: काहीही आलं तरी घ्या. बदल गेल्या गुरुवारचा, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांचा. करणाऱ्याचं नाव तिचं.

“हे मी केलेलं नाही,” ती म्हणाली आणि मास्तरांकडे पाहिलं. तिला वाटलं, आता बोलतील.

मास्तरांनी चष्मा पुसला. “नाव तिचंच दिसतंय खरं,” ते म्हणाले. “घरचं टेन्शन होतं तिला. होतं असं एखाद्या वेळी.”

ती जागेवर येऊन बसली आणि तो बदल पुन्हा उघडून खालपर्यंत गेली. मंजुरी नेहमीसारखी मास्तरांची होती. अकराच्या अकरा चाचण्यांपुढे ‘वगळा’ अशी खूण होती. म्हणजे चाचण्यांनी बोंब मारली होती. कुणीतरी ती ऐकली होती आणि मग एकेकीचं तोंड दाबलं होतं. घाईत एक ओळ चुकणं वेगळं. हे अकरा वेळा केलेलं होतं.

तिने फोन काढला. गुरुवारी अकरा सव्वीसला मास्तरांचा फोन येऊन गेला होता. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून तिने तो घेतला होता. “बाबा आत गेले का? इकडची काळजी करू नकोस, सगळं सुरळीत आहे.” ते ऐकून तिला त्या दिवशी रडू आलं होतं. एवढ्या धावपळीत आपली आठवण ठेवली म्हणून.

फोन करताना ते तिच्याच खुर्चीत बसले असणार.

जिन्यात तिने त्यांना गाठलं. “माझ्या नावाने का?”

“मशीन तुझं होतं, नाव आपोआप पडलं. मी मुद्दाम नाही—”

“आणि आज? आज आत तुम्ही जे बोललात ते?”

ते कठड्याला टेकले. “साहेब डोक्यावर बसले होते गं. दोन दिवसांचा प्रश्न होता, तू येऊन नीट करणारच होतीस. तुझं वय आहे, तुला उद्या दुसरीकडे घेतील. मला कोण विचारणार?”

“सोमवारी मी आले तेव्हा तरी सांगायचं होतं. एक वाक्य. मी त्याच दिवशी नियम परत लावले असते, मंगळवार आलाच नसता.”

ते कठड्यावरून हात काढून जिना उतरू लागले. केसाने गळा कापणं हे तिने आजवर फक्त ऐकलं होतं.

तिने रजेची नोंद, फोनची वेळ आणि त्या बदलाची प्रत साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी वाचलं, पण त्यांना नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. “तुमचं नाव काढून टाकू,” ते म्हणाले. “पण हॉस्पिटलला तांत्रिक बिघाड एवढंच कळवू. घरातलं घरात राहू दे.”

तेव्हा तिच्या लक्षात आलं, यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

“त्या नर्सला वाटतंय की सगळं तिच्या एका टिंबामुळे झालं,” ती म्हणाली. “तिला खरं कळायला हवं.” आणि काय बदललं, कधी, कोणत्या चाचण्या वगळल्या, हे तिने त्याच दुपारी हॉस्पिटलच्या औषध विभागाला लिहून पाठवलं. कुणी केलं ते लिहिलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं.

मास्तरांना त्या कामावरून काढून वरच्या मजल्यावर हलवलं. साहेब तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. रविवारी वहिनीचा फोन आला.

“तू घरची होतीस ना गं? एक शब्द गिळला असतास तर काय बिघडलं असतं?”

“वहिनी, ते बाळ नऊ दिवसांचं होतं.”

वहिनीने फोन ठेवून दिला. हिने उष्टं ताट उचललं आणि उगाच दोनदा घासलं.

पुढच्या आठवड्यात तिचं दुरुस्तीचं काम पुरं झालं. वजनकाट्याकडून मजकूर आला तर त्याचा आधी आकडा करायचा, मग सगळे नियम लावायचे. चाचण्या आता चौदा झाल्या होत्या आणि चौदाही हिरव्या, म्हणजे पास होत्या. सर्व्हरवर चढवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी काम तपासून मंजूर करावं लागतं. तिने नावांची यादी उघडली. सहा वर्षं तिचं बोट न बघता एकाच नावावर पडायचं. आज ते मधेच थांबलं.

शेवटी तिने खिडकीजवळ बसणाऱ्या टेस्टरचं, म्हणजे इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या बाईचं नाव निवडलं. त्या बाईशी तिचं बोलणं आजवर लिफ्टपुरतंच होतं.

तासाभराने टेस्टर वही घेऊन स्वतःच आली. “मला एक कळलं नाही. सातच किलो का? सहा का नाही?”

“बसा ना,” ती म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढली.