एकट्याचा गट

सुरतेत मी एकटाच एक गट होतो. 'ब' गट. 'अ' गटात बारा जण होते आणि 'ब' गटात मी. गटाची बैठक कधीही भरवता यायची, एवढी एक सोय होती.

हे सत्त्याण्णवच्या हिवाळ्यातलं. मी बमरोलीत पॉवरलूमवर दिवसपाळी करायचो. खोलीत खाट एक आणि माणसं दोन. दुसरा लोटू, तो रात्रपाळीला. मी उठलो की तो यायचा, मी आलो की तो निघायचा. आमची ओळख मुख्यतः गादीतल्या खड्ड्यातून झालेली. मी परभणीकडचा, तो जळगावकडचा, खड्डा मात्र दोघांनी मिळून पाडला होता.

लोटूनेच मला मगनभाईंकडे पाठवलं. मगनभाईंची वनौषधींची कंपनी होती. आधी ते पाचक गोळ्या विकायचे, आता दंड फुगवणारं 'गजकाय' नावाचं चूर्ण काढलं होतं. डब्यावर हत्ती होता. हत्तीला दंड नसतात हे मी त्यांना सांगितलं नाही, तेवढी तेव्हा आमची ओळख नव्हती. हत्तीखाली छापलं होतं, 'शास्त्रीय अभ्यासाने सिद्ध'. डबे छापून गोदामात येऊन पडले होते. फक्त अभ्यास करायचा राहिला होता.

तो अभ्यास रंगाईच्या कारखान्यामागच्या तालमीत दर रविवारी चालायचा. 'अ' गटाने चूर्ण खायचं, वजनं उचलायची, वर दूध, केळी आणि अंडी. 'ब' गटाने काहीच करायचं नाही.

"तू बस जैसा है वैसा रह," मगनभाई मला म्हणाले.

हे काम मला पहिल्या दिवसापासून जमलं.

तसे 'ब' गटात सुरुवातीला आम्ही चौघं होतो. राघो भिवंडीला निघून गेला. एक जण चूर्ण चोरून खाताना सापडला. तिसऱ्याचं लग्न झालं आणि तो घरच्या जेवणाने जाड व्हायला लागला, म्हणून मगनभाईंनी त्याला काढून टाकलं. मी टिकलो. माझ्या आयुष्यात जाड होण्यासारखं काही घडतच नव्हतं.

नियम असा होता की चूर्णाचा कणही माझ्याकडे येऊ नये, म्हणून मी 'अ' गटात मिसळायचं नाही. ते बारा जण भिंतीलगतच्या लांब बाकावर बसून दूध प्यायचे, एकमेकांचे दंड दाबून बघायचे, मुकादमाची नक्कल करून खिदळायचे. मी पाण्याच्या टाकीच्या अलीकडे बसायचो. लोटू मला आठवड्यातून एकदा जागा दिसायचा तो असा, टाकीपलीकडे, मिशीला दूध लागलेला. तो हात हलवायचा. मीही हलवायचो. तेवढं शास्त्रात चालत होतं.

"दूसरे राऊंड में तू भी 'अ' में," असा मगनभाईंनी शब्द दिला होता. "पहला पास होने दे."

चूर्णाचं मला काही नव्हतं. मला तो बाक पाहिजे होता. रविवारी दिवसभर माग बंद असायचे, कानातली खटखट थांबायची आणि मग एकदम ऐकू यायचं की आठवडाभर आपल्याशी कोणी बोललंच नाही. म्हणून पहिला राऊंड पास व्हावा असं मगनभाईंच्या खालोखाल कुणाला वाटत असेल तर मला.

मापं घ्यायला आधी तालमीचे वस्ताद होते. ते सुतळी वापरायचे. सुतळी ओढून धरली म्हणून भांडणं व्हायला लागली, तेव्हा मगनभाई म्हणाले, प्रोफेशनल आदमी चाहिए. आणि त्यांनी नवागामहून भगवानकाकांना आणलं. भगवानकाका शिंपी होते. मूळचे खामगावकडचे, गळ्यात टेप, कानावर खडू, आणि सुरतेत निम्मं आयुष्य काढूनही वऱ्हाडी जशीच्या तशी.

"चूर्ण खातं का रे टाइमावर?" ते लोटूला विचारायचे.

"खातो, काका."

"मेहनत?"

"करतो."

"मंग वाढशीन तू. वाढत्या अंगाचं माप घट्ट नाही घेत मी." असं म्हणून ते टेपखाली एक बोट सरकवायचे आणि आकडा सांगायचे. पुढच्या काही रविवारांनी दोन बोटं. माणूस मन लावून व्यायाम करताना दिसला की तीन. "नाही तं सहा महिन्यानं म्हणतात, भगवानाचा शर्ट काखेत उसवला. बोलणं मले बसते."

मगनभाई आकडे लिहून घ्यायचे आणि त्यांचे डोळे पाणवायचे.

मग काका टाकीला वळसा घालून माझ्याकडे यायचे. "तू कायी खात नाही ना?"

"नाही."

"काऊन?"

"मनाई आहे."

"अरे बाप्पा," म्हणून ते टेप माझ्या दंडाला अगदी लपेटून घ्यायचे. आठवड्यात मला हात लावणारं ते एकच माणूस, आणि तेही मी कुठे वाढलो नाही ना हे बघायला. मी मुद्दाम स्वेटर घालून जायचो. तो काढण्यात जरा वेळ जातो.

"जेवलास काय?" ते विचारायचे. मी खानावळीत सोमवारपासून काय काय वाढलं ते सांगायला लागायचो.

"एवढं नको सांगू, पोट्ट्या. मले फक्त दंड पाह्यचा हाये."

शेवटच्या रविवारी मगनभाईंनी डॉ. नरेंद्र देशकर यांना बोलावलं. ते नागपूरला कॉलेजात शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आता मुलाकडे सुरतेत राहायचे. त्यांनी सगळं डोळ्यांनी बघायचं आणि अभ्यास बरोबर आहे असं लिहून सही करायची. त्यांना आणायला गाडी गेली होती. आल्याबरोबर त्यांच्यापुढे गरम पोंक, म्हणजे सुरतेकडचा ज्वारीचा हुरडा, आणि शेव ठेवली गेली. मग फोटोवाला आला. फोटोसाठी मगनभाईंनी आम्हा सगळ्यांना हळदी रंगाच्या टेरिकॉटचे शर्ट दिले होते. भगवानकाकांनीच शिवलेले, शेवटच्या मापांवरून.

सगळ्यांनी शर्ट घातले.

बाराही जणांच्या बाह्या गोधडीसारख्या लोंबत होत्या. लोटू वळला की आधी लोटू वळायचा आणि मग शर्ट. माझा शर्ट मात्र असा बसला होता की मी स्वतःच वाकून बघत राहिलो. इतकं बेताचं मला आजवर काही मिळालं नव्हतं.

डॉक्टरांनी पोंक चघळत विचारलं, "हे शर्ट यांचेच का?"

"यांचेच, साहेब. माप घेऊन शिवलेले," मगनभाई मराठीत आले.

"मग असे का?"

"फॅशन, साहेब. आजकल लूज ही चलता है."

हे पटण्यासारखं होतं. त्या वर्षी पोरांच्या एका पँटमध्ये दोन माणसं राहू शकली असती. डॉक्टरांनी पेन काढलं, टोपण उघडलं, आणि सही करण्याआधी एकदा सगळीकडे नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"तो कोण?"

"वो कोई नहीं, साहब. वो 'ब' गट है."

"बाकीचा गट कुठे आहे?"

"बाकीचाही मीच आहे," मी म्हणालो.

त्यांनी मला हाताने बोलावलं. मी टाकी ओलांडून पलीकडे गेलो. त्यांनी माझ्या खांद्याची शिवण पाहिली, मग बाहीत बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही.

"तुझी फॅशन कुठे गेली रे?"

मला कारण माहीत होतं. इतके रविवार टाकीच्या अलीकडून मी काकांची बोटंच बघत आलो होतो, दुसरं बघायला तिथे काय होतं? पण ते सांगितलं असतं तर बाक गेला असता, आणि काकाही गेले असते.

"मला घट्टच आवडतो, साहेब. मीच तसा शिवायला सांगितला."

डॉक्टरांनी मान हलवली. पेन कागदावर टेकलं.

"खोटं काऊन बोलतं रे?" भगवानकाका गरजले. "तू मले कायीच सांगतलं नाही!" त्यांच्या शिलाईचं श्रेय मी घेत होतो, ते त्यांना सहन होईना. "डाक्टरसाहेब, मी सांगतो. वाढणाऱ्याले मी बोटं सोडत असतो. या पोट्ट्याले कायी खाऊच देत नाहीत, थो कायचा वाढते? याले कायले सोडू?"

"बोटं किती सोडता?"

"ते ज्याच्या त्याच्या मेहनतीवर."

डॉक्टरांनी टोपण लावलं. काकांच्या गळ्यातला टेप मागून घेतला आणि बारा जणांचे दंड स्वतः मोजले, टेप अंगासरशी ठेवून. लोटूचा दंड पहिल्या रविवारपेक्षा दोराभर वाढला होता. बाकीच्यांचे थोडे इकडे, थोडे तिकडे. एकाचा कमी झाला होता. तो रात्रपाळीनंतर झोपायचं सोडून जोर काढत होता.

"मगनभाई," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमच्या चूर्णाने काही होत नाही असं मी म्हणत नाही. होतं की नाही ते यावरून कळतच नाही, एवढंच. दोराभर तर नुसत्या दुधानेही वाढेल. आणि माप घेणाऱ्यालाच कोण काय खातं ते ठाऊक होतं."

"पण साहेब, गाडी मी पाठवली होती!"

"म्हणून तर नीट बघितलं."

मगनभाईंनी थोडा विचार केला. "दोन-चार 'ब' और रख लें?"

"ठेवा की. पण त्यांनाही तेवढंच दूध द्या, तेवढाच व्यायाम द्या. चूर्णासारखं दिसणारं, चूर्ण नसलेलं काहीतरी द्या. कोण कोणत्या गटात आहे ते कुणालाच कळू देऊ नका. आणि सगळ्यांना एकाच बाकावर बसवा."

मी ते पुन्हा मनात म्हणून पाहिलं. म्हणजे जगात कुठेतरी असे अभ्यास चालतात, ज्यात 'ब' गट बाकावर बसून दूध पितो, आणि आपण 'ब' आहोत हे त्याला माहीतही नसतं.

मगनभाईंनी हिशेब केला. "इससे तो दूसरा डॉक्टर सस्ता पड़ेगा," ते म्हणाले, आणि त्याच दिवशी पहिला राऊंड मिटला. दुसरा निघाला नाही. डॉक्टर रिक्षाने घरी गेले. तालमीतली वजनं वस्तादांनी आत ठेवली. बाराही जणांनी उरलेली केळी वाटून खाल्ली. आता मनाई नव्हती, पण माझ्या हातात कोणी दिलं नाही. सवय मोडायला वेळ लागतो.

पुढच्या रविवारी उठून कुठे जायचं ते मला कळेना. खाटेवर लोटू नव्हता. खालच्या पानवाल्याने सांगितलं की सगळे नवागामला गेलेत, शर्ट आत घ्यायला.

मीही माझा शर्ट घडी करून निघालो. काकांचं दुकान जिन्याखाली. दारातल्या बाकड्यावर आणि पायऱ्यांवर ते सगळे उघड्या अंगाने, मांडीवर शर्ट घेऊन बसले होते. मुकादमाची नक्कल चालू होती. माझा नंबर यायला बराच वेळ गेला. तेवढा वेळ मी पायरीच्या कडेला उभा राहून, सगळे हसले की हसत होतो.

"तुले काय झालं बाप्पा?" काका म्हणाले. "तुयाच तं एक बरोबर बसला होता."

"ढगळ करून द्या."

नक्कल थांबली. "याला पण फॅशन पाहिजे!" लोटू म्हणाला आणि सगळे हसले. या वेळी मी हसलो नाही, कारण हे माझ्याबद्दल होतं. पण मला ते आवडलं.

काकांनी शर्ट उलटा केला, शिवण बोटाने उकलून पाहिली. "आत कापडच नाही, बाबू. यायच्या शर्टायले मी आत चांगली पट्टी ठेवली. तुयात ठेवलीच नाही. वाढणार नाही असंच सांगतलं होतं ना मले."

एकेकाचा शर्ट होत गेला तशी माणसं उठत गेली. लोटूने नवा बेतलेला शर्ट अंगात घातला, दंड वळवून आरशात पाहिला आणि "चल रे, झोपतो जरा, रात्री पाळी आहे," म्हणून निघाला. म्हणजे खाटही गेली. मी रिकाम्या बाकड्यावर बसलो. काका मशीनवर एकटेच पाय मारत होते.

"बसलास काऊन? सांगतलं ना, याचं कायी होत नाही."

"नवीन शिवायचा म्हटलं तर?"

"कापड आन. शिवतो."

मी रोज बारा तास कापडासमोर उभा असायचो, त्यातलं हातभरही माझं नसायचं. "आणतो," मी म्हणालो. "माप परत घ्यावं लागेल ना?"

"पंधरा दिवस नाही झाले घेऊन. माणूस काय रोज वाढते?"

"तरी बघून घ्या," मी म्हणालो आणि स्वेटर काढायला लागलो.