गोजरबाईंचा एक

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो: आमच्या वाडीतली पटकीची साथ संपली. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने माझ्यावर शून्य काढलं. टाळ्या झाल्या. पेढे नव्हते म्हणून दुष्काळी कामावरची सुकडी वाटली. आता असं काही झालंच नाही, असं धरून चला. नंतर सगळ्यांनी तेच धरलं.

फळा होण्याआधी मी एका बैलगाडीचा तळ होतो. तिसगावच्या बाजाराला पोती नेत असे. बहात्तर साली पाऊस आला नाही, बैल विकले गेले आणि गाडी नुसतीच उभी राहिली. छगन सुताराने माझ्या फळ्या काढून एकीला एक जोडल्या आणि त्यांवर बॅटरीच्या संपलेल्या सेलांतली काळी पूड फासली. जन्मभर आडवा पडलेला मी चावडीच्या भिंतीला उभा राहिलो. त्याच सुमारास वाडी आडवी झाली.

विहिरीच्या तळाला उरलेलं गढूळ पाणी लोक प्यायले होते. घरटी एकाला तरी पटकी झाली. आरोग्यसेवक मच्छिंद्र रोज सकाळी सायकलीवर येऊन माझ्यावर लिहीत: आजारी इतके, बरे इतके, मयत इतके. त्याखाली लिहीत: मदत हवी, पाण्याचा टँकर. लोक मला बघायला येत. रंगुबाईंनी तर मयताच्या ओळीला हळदीकुंकू वाहिलं, तिचा कोप होऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या ओळीत सहा आले. कुंकवामुळे ते छान उठून दिसत होते.

त्या सहांत सहादेव होते. त्यांची बायको गोजरबाई डोक्यावर पदर घेऊन आल्या. आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"मच्छिंदर, ह्यातलं आमचं कुठलं?"

मच्छिंद्रांना सांगता आलं नाही. मलाही नाही. खरं सांगतो मित्रांनो, मला काही वाटलंसुद्धा नाही. गाडीत होतो तेव्हाही पोतं बाजरीचं की ज्वारीचं हे मला कळत नसे. वजन तेवढं कळायचं.

टँकर येऊ लागला तशी साथ उतरली. आजारी नऊचे चार झाले, चाराचा एक झाला, आणि तो एकही उठून भाकरी खाऊ लागला. इथे वाडी घाबरली. कारण वरचा हुकूम होता, शून्य झालं की टँकर बंद. विहीर तीच होती आणि तिच्यातलं पाणीही तेच.

मच्छिंद्र खडू धरून उभे होते. "मावशी, आज शून्य लिवावं लागतंय."

"मग मला लिव," गोजरबाई म्हणाल्या.

"तुमाला काय झालंय?"

"काय न्हाई. पर एक लागतोय न्हवं? मी हाय मोकळी."

मच्छिंद्रांनी एक लिहिला.

त्या दिवसापासून गोजरबाई आजारी पडल्या. आजारी असताना त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत, भाकऱ्या थापत, टँकरच्या रांगेत भांडत. कुणी विचारलं, "काय गोजरबाई, कसं हाय दुखणं?" तर, "लई जोरात हाय," म्हणून हातोडा उचलत. आणि वाडी स्वच्छ पाणी पीत होती.

मग एक दिवस मोठे साहेब न कळवता जीपमधून आले. खडीच्या ढिगाशी उतरून त्यांनी विचारलं, "इथला पेशंट कुठे आहे?"

मुकादम श्रीमंतचा ऊर भरून आला. "ती काय सायेब! समद्यांत जास्त खडी तिचीच!"

साहेब गोजरबाईंकडे गेले. "बाई, तुम्हाला पटकी आहे ना? मग खडी कशी फोडता?"

"मग काय मरू, सायेब? मेले तर आकडा कमी व्हईल."

साहेब चावडीवर आले, रुमालाने तो एक पुसला आणि शून्य काढलं. टाळ्या, सुकडी. जे झालंच नाही ते हेच.

टँकर थांबला. लोक विहिरीवर गेले. थोड्याच दिवसांत माझ्यावर सात आजारी आले आणि टँकर तत्परतेने सुरू झाला, नियमाला धरून. त्या सातांत गोजरबाई होत्या, या खेपेला खऱ्या. मच्छिंद्रांनी पुढे साताचे सहा केले आणि मयताच्या ओळीत एक वाढवला. ह्यातलं आमचं कुठलं, असं विचारायला कुणी आलं नाही. विचारणाऱ्या त्याच होत्या.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. आता मला कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलं आहे. माझ्यावर अजूनही एक पुसट शून्य आहे, त्याला कोंबड्या चोच मारतात. मित्रांनो, फळा जरूर पुसा. पण शून्य काढण्याआधी विहिरीत एकदा वाकून बघत जा.

बाकी माझा एवढाच अर्ज आहे. मेहेरबान साहेबांनी आमच्या वाडीस एक रुग्ण कायमस्वरूपी मंजूर करावा. रुग्ण धडधाकट असल्यास हरकत नसावी. सदर जागी गोजरबाई सहादेव यांचीच नेमणूक व्हावी, आणि त्या रुजू होईपर्यंत टँकर बंद करू नये, ही विनंती.